नापास झालेला एक मास्तर : ग्रेगॉर मेंडेल

मेंडेलची आणि माझी पहिली ओळख दहावीच्या वर्गात झाली, आणि ती एका चौकटीच्या रूपाने झाली. फळ्यावर चार घरांची चौकट काढायची, उंच आणि बुटक्या वाटाण्याची अक्षरे तिच्यात भरायची आणि खाली तीनास एक हे गुणोत्तर लिहायचे. एवढे जमले की मार्क पदरात पडत. मेंडेल हा कोणी माणूस होता, त्याला आईबाप होते, तोही कधी परीक्षेला बसून नापास झाला होता, यातले काहीही आम्हाला ठाऊक नव्हते.

त्याच धड्याचा दुसरा भाग उत्क्रांतीचा होता. आमच्या सरांनी तो एका तासात उरकला. मागच्या बाकावरच्या एकाने उभे राहून विचारले, की माणूस देवाने घडवला असे घरी सांगतात आणि पुस्तकात तर निराळेच लिहिले आहे, तेव्हा खरे काय समजायचे? सरांनी उत्तर दिले, की पेपरात पुस्तकातले लिहावे आणि घरी घरचे मानावे. वर्ग हसला आणि प्रश्न तिथेच मिटला. दुसऱ्या एका शिक्षकांनी मत्स्य, कूर्म, वराह अशी अवतारांची यादी सांगून आपल्याकडे हे सारे आधीच ठाऊक होते असा दाखला दिला. त्यावर आम्ही खूश झालो. पुढे मी कला शाखेला आलो आणि जीवशास्त्राशी असलेला माझा संबंध संपला. माझ्यासारख्या बहुतेकांचे असेच होते. दहावीच्या वर्गात जे कानावर पडले तेवढ्याच शिदोरीवर पुढचा सारा जन्म काढायचा असतो.

आता बी. एड. करून शिक्षक व्हावे असे मनात आहे. खेड्यातल्या शाळेत भाषेच्या मास्तरालाही प्रसंगी विज्ञानाचा तास घ्यावा लागतो. उद्या मागच्या बाकावरून तोच प्रश्न आला तर मी काय सांगणार? या विचाराने मी मेंडेलचे चरित्र वाचावयास घेतले, कारण हा माणूस एकाच वेळी धर्मगुरू होता, शाळामास्तर होता आणि ज्या पायावर आजचा उत्क्रांतिवाद उभा आहे त्याचा एक मोठा दगड त्यानेच बसवला होता.

मेंडेलचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ नावाच्या लहानशा खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. घरचे नाव योहान. बाप अँटन हा शेतकरी. स्वतःची थोडी जमीन होती, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. योहानला एक मोठी आणि एक धाकटी अशा दोन बहिणी होत्या. गावची परिस्थिती बेताचीच, पण एका बाबतीत गाव भाग्यवान होते. तिथल्या शाळेत मुलांना अक्षरओळखीबरोबर फळझाडांची निगा आणि मधमाश्या पाळणे हेही शिकवीत. गावचे धर्मगुरू योहान श्रायबर हे स्वतः फळझाडांचे जाणकार होते आणि चांगल्या जातीची कलमे शेतकऱ्यांना देत. योहानच्या बापालाही झाडांचे वेड होते. पुढे या मुलाने जे केले त्याचे बी या शाळेत आणि बापाच्या वाडीत पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

मुलगा हुशार आहे हे गावच्या मास्तरांनी ओळखले आणि त्याला पुढे शिकवा असा आग्रह आईबापांना केला. अकराव्या वर्षी योहान घर सोडून दुसऱ्या गावच्या शाळेत गेला आणि १८३४ साली ट्रोपाऊच्या माध्यमिक शाळेत दाखल झाला. पैसे पुरत नसत. अर्धपोटी राहून शिकावे लागे. १८३८ साली बापाच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडून तो कायमचा अधू झाला. घरून येणारी मदत जवळजवळ थांबली. सोळा वर्षांच्या योहानने शिकवण्या धरल्या आणि शिक्षण चालू ठेवले. १८४० साली तो ऑलम्यूत्सच्या विद्यापीठाशी जोडलेल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात गेला. तिथे शिकवण्याही मिळेनात. काळजीने तो आजारी पडला आणि वर्षभर घरी येऊन राहिला. तेव्हा धाकटी बहीण टेरेसिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतला वाटा तिने भावाच्या शिक्षणाला दिला. मेंडेल हे ऋण विसरला नाही. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्याने केला, आणि त्यांतले दोघे डॉक्टर झाले. आपल्याकडे बहिणीच्या लग्नासाठी भावाने शिक्षण सोडल्याच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. इथे बहिणीने आपले देणे भावाला दिले. तसे झाले नसते तर आनुवंशिकतेचे नियम निदान मेंडेलच्या नावाने तरी ओळखले गेले नसते.

१८४३ साली योहान ब्रून शहरातल्या ऑगस्टिनियन पंथाच्या सेंट थॉमस मठात दाखल झाला आणि त्याचे नाव ग्रेगॉर असे ठेवण्यात आले. हे ब्रून म्हणजे आजचे ब्रनो. एकवीस वर्षांच्या या तरुणाने मठाची वाट का धरली? त्याने स्वतःच पुढे लिहिलेल्या छोट्याशा आत्मवृत्तात याचे कारण प्रांजळपणे दिले आहे. पोटाच्या रोजच्या झगड्यातून सुटका होईल असा मार्ग त्याला हवा होता आणि परिस्थितीनेच त्याची दिशा ठरवली. मला हा प्रांजळपणा फार आवडला. आकाशवाणी झाली, दृष्टांत झाला असे काही त्याने सांगितले नाही. म्हणून त्याची श्रद्धा खोटी होती असे मात्र नव्हे. पोटासाठी धरलेल्या वाटेवर माणूस पुढे मनापासून चालू लागतो, हे आपण शिक्षकांच्या बाबतीतही पाहतोच.

हा मठ साधासुधा नव्हता. त्याचे मठाधिपती सिरिल नॅप हे मोठे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. मठात भरगच्च ग्रंथालय होते, वनस्पतींची बाग होती आणि मठातले बरेच साधू बाहेरच्या शाळांतून शिकवीत असत. मेंढ्यांच्या पैदाशीवर तिथल्या मंडळींत वाद चालत, तेव्हा पिढीकडून पिढीकडे नेमके काय जाते आणि कसे जाते हाच खरा प्रश्न आहे असे नॅप यांनी १८३७ सालीच बोलून दाखवले होते. अर्थात हा मोकळेपणा सर्वांना रुचत नसे. १८५४ साली तिथल्या बिशपांनी मठाची तपासणी केली आणि इथे धर्मापेक्षा इतर विद्यांचीच उपासना अधिक चालते असे पाहून मठ बंद करावा अशी शिफारस केली. नॅप यांनी ते संकट निभावून नेले.

१८४७ साली मेंडेलला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. रुग्णांना आणि मरणाच्या दारी असलेल्यांना भेटून धीर देण्याचे काम त्याच्याकडे आले. ते त्याला सोसेना. दुसऱ्याचे दुःख पाहून तो स्वतःच आजारी पडू लागला. नॅप यांनी हे ओळखले आणि १८४९ साली त्याला झ्नाइम गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून धाडले. तिथे मात्र त्याला सूर सापडला. मुलांना तो आवडला आणि शाळेनेही त्याच्या कामाबद्दल चांगला शेरा दिला. परंतु कायम शिक्षक होण्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागे. १८५० साली मेंडेल व्हिएन्नाला जाऊन त्या परीक्षेला बसला आणि नापास झाला. पदार्थविज्ञानात त्याचे बरे चालले, पण प्राणिशास्त्रात आणि भूगर्भशास्त्रात गाडी अडली. सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणावरचे त्याचे उत्तर परीक्षकांना मुळीच पटले नाही. तो जे काही शिकला होता ते बरेचसे आपले आपणच शिकला होता, विद्यापीठाचे शिक्षण त्याला मिळालेच नव्हते. परीक्षकांपैकी एकाला मात्र त्याच्यातली चमक दिसली. या माणसाला विद्यापीठात धाडा, असे त्यांनी सुचवले.

अशा रीतीने नापास होण्यातून मेंडेलचे भाग्य उघडले. १८५१ ते १८५३ या काळात तो व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकला. ज्याच्या नावाचा परिणाम आपण पदार्थविज्ञानात ऐकतो तो क्रिश्चन डॉप्लर तिथे त्याचा गुरू होता. एटिंग्सहाउझेनकडे तो गणित शिकला. वनस्पतिशास्त्राला फ्रान्झ उंगर होते. वनस्पतींच्या जाती ईश्वराने एकदाच घडवून ठेवलेल्या नसून त्या काळाच्या ओघात एकमेकींपासून निघाल्या आहेत, असे उंगर उघडपणे मांडत. डार्विनचा ग्रंथ तेव्हा निघालाही नव्हता. उंगर यांच्यावर तिथल्या कॅथलिक वृत्तपत्रातून कडाडून हल्ला झाला. मठातला हा विद्यार्थी याच उंगरांच्या वर्गात बसून शिकला, आणि परत येऊन पुन्हा मठातच राहिला. त्याने गुरू सोडला नाही आणि घेतलेले व्रतही सोडले नाही.

१८५४ साली मेंडेल ब्रूनच्या नव्या सरकारी शाळेत पदार्थविज्ञान आणि निसर्गविज्ञान शिकवू लागला. १८५६ साली त्याने तीच परीक्षा पुन्हा देऊन पाहिली, पण ऐन परीक्षेत प्रकृती ढासळली आणि तो तसाच परत आला. त्यानंतर त्याने परीक्षेचे नाव काढले नाही. म्हणजे तब्बल चौदा वर्षे, १८६८ पर्यंत, हा माणूस बदली शिक्षक म्हणूनच राहिला. कागदोपत्री तो अपात्र होता. परंतु त्याच्या विद्यार्थ्यांनी म्हातारपणी ज्या आठवणी सांगितल्या त्यांत एक हसरा, ठेंगणा, जाडसर आणि अतिशय प्रेमळ मास्तर दिसतो. तो मुलांना मठाच्या बागेत नेई, झाडे आणि मधमाश्या दाखवी. फुलांतल्या नर-मादी भागांविषयी सांगताना वर्गात कोणी खुदखुदू लागले तर ही निसर्गाची साधी गोष्ट आहे, त्यात हसण्यासारखे काही नाही, असे तो शांतपणे समजावी. जे आहे ते आहे तसे सांगायचे आणि लाजायचे नाही, ही त्याची शिकवण्याची रीत होती. धर्मगुरूचा झगा अंगावर असताना त्याने ती पाळली.

शाळा सांभाळून त्याने जे काम केले त्याने त्याचे नाव अमर झाले. मठाच्या आवारात पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद एवढीच जागा त्याच्या वाट्याला होती. त्याने वाटाण्याच्या ३४ जाती मिळवल्या, दोन वर्षे लावून पारखल्या आणि त्यांतल्या २२ निवडल्या. वाटाणाच का? वाटाण्याचे फूल झाकलेले असते, त्यात बाहेरचा पराग सहसा शिरत नाही, त्यामुळे जात शुद्ध राहते. संकर करावयाचा झाला तर कळी उमलण्यापूर्वी चिमट्याने पुंकेसर काढायचे आणि हव्या त्या झाडाचा पराग आणून लावायचा. हे किचकट काम त्याने १८५६ पासून १८६३ पर्यंत केले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, अशी सात लक्षणे त्याने धरली आणि सुमारे २८ हजार झाडे तपासली.

पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या जातींचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे येतात. हिरवा रंग कायमचा गेला असे वाटते. त्या पिवळ्या दाण्यांची झाडे लावून पुढची पिढी पाहिली तर हिरवे दाणे पुन्हा हजर होतात. मेंडेलने ते मोजले : ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे. गोल दाणे निघाले ५४७४ आणि सुरकुतलेले १८५०. दोन्हीकडे गुणोत्तर तीनास एकच्या आसपास. आमच्या वर्गात फळ्यावर काढली जाणारी ती चौकट यातूनच निघाली. पण तिच्यातला खरा अर्थ आम्हाला कोणी सांगितला नव्हता. तो असा, की आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे एकमेकांत विरून जात नाहीत. ते सुट्या मण्यांसारखे पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहतात. काही काळ झाकले जातात, पण नाहीसे होत नाहीत.

या गोष्टीचे उत्क्रांतीशी काय नाते? डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला. त्यात एक मोठी अडचण होती. गुण जर एकमेकांत विरून जात असतील, तर एखाद्या जीवात उपजलेला नवा उपयुक्त गुण चारदोन पिढ्यांत पातळ होऊन संपेल आणि नैसर्गिक निवडीला हाती धरायला काही उरणारच नाही. फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने १८६७ साली डार्विनपुढे नेमके हेच कोडे टाकले आणि डार्विन त्याने बेचैन झाला. गंमत अशी, की या कोड्याचे उत्तर १८६६ सालीच ब्रूनच्या एका नियतकालिकात छापून पडले होते. डार्विनने ते कधी वाचले नाही. मेंडेलने मात्र डार्विन वाचला होता. १८६३ सालच्या जर्मन आवृत्तीची मेंडेलची प्रत आजही जपून ठेवलेली आहे आणि तिच्या समासात त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. आपल्या निबंधाच्या आरंभीच त्याने म्हटले आहे, की सजीवांच्या विकासाच्या इतिहासाचा महत्त्वाचा प्रश्न अशाच प्रयोगांनी सुटू शकेल. तेव्हा आपण कोणत्या विषयाला हात घालत आहोत हे तो पुरते जाणून होता.

तो निबंध त्याने ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रूनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचला. सभा भरली ती तो शिकवीत असलेल्या शाळेतच. महिनाभर आधी, जानेवारीत, त्याच मंडळापुढे अलेक्झांडर माकोवस्की यांचे डार्विनच्या सिद्धांतावर व्याख्यान झाले होते. मेंडेलचे आकडे ऐकून लोक घरी गेले. त्याने निबंधाच्या ४० प्रती मागवून नामवंतांना धाडल्या. म्यूनिकच्या नेगेली या विद्वानाने पत्रव्यवहार केला, पण कामाचे मोल त्याला कळले नाही.

हा पाद्री आपल्या मनात देव आणि वाटाणा यांची सांगड कशी घालत होता? त्याने यावर ग्रंथ लिहिला नाही, वादातही तो पडला नाही. परंतु त्याच्या ईस्टरच्या प्रवचनांची काही टिपणे शिल्लक आहेत. पुनरुत्थानानंतर येशू मेरी मॅग्डलिनला दिसला तेव्हा तिला तो माळी वाटला, ही बायबलातली कथा मेंडेलने तिथे घेतली आहे. माळी जमीन तयार करतो, बी पेरतो. मातीही आपले काम करते. पण एवढ्याने भागत नाही, वरून ऊन आणि पाऊसही यावा लागतो. माणसाचे प्रयत्न आणि ईश्वराची कृपा यांचे नाते तो या रूपकाने समजावतो. आपल्या वारकऱ्यालाही हे प्रवचन परके वाटणार नाही.

मला इथे माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे वाटते. मेंडेलने बागेत जे मोजले त्यात देव घुसडला नाही. हिरवे दाणे २००१ निघाले तर २००१ च लिहिले. आणि प्रवचनात जे सांगितले त्याला वाटाण्याचा पुरावा जोडला नाही. बी कसे उगवते हा मोजण्याचा प्रश्न. ते उगवताना पाहून माणसाने नम्र का व्हावे हा निराळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याने द्यावयाचे नाही. अवतारांची यादी उत्क्रांतीला चिकटवण्यात हीच चूक होते. त्याने विज्ञान कळत नाही आणि भक्तीही वाढत नाही, फक्त मुलाचा प्रश्न बंद होतो. आणि पेपरात एक, घरी एक, हे तर त्याहून वाईट, कारण त्याने मूल दोन्हीकडे खोटे बोलावयास शिकते.

मार्च १८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती म्हणून निवडून आला आणि त्याची शाळा सुटली. प्रयोगही हळूहळू मागे पडले. मधमाश्या आणि हवामानाच्या नोंदी यांत तो रमे. १८७४ साली सरकारने मठांवर कर बसवला. तो अन्यायाचा आहे असे म्हणून त्याने शेवटपर्यंत भरण्याचे नाकारले. त्या भांडणात त्याची अखेरची वर्षे कडवट गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा अंत झाला. गाव लोटला तो प्रेमळ मठाधिपतीला निरोप द्यायला, शास्त्रज्ञ कोणालाच ठाऊक नव्हता. त्याचे बरेचसे कागद पुढे जाळून टाकण्यात आले.

१९०० साली द व्ह्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तिघांच्या कामातून त्याचा निबंध पुन्हा उजेडात आला. आरंभी मेंडेल आणि डार्विन यांचे जमत नाही असेच पुष्कळांना वाटले. फिशर, हॉल्डेन, डॉब्झॅन्स्की आदींनी पुढे ते दोन धागे एकत्र विणले. यांतले फिशर श्रद्धावान ख्रिस्ती होते. डॉब्झॅन्स्कीही श्रद्धावान, आणि उत्क्रांतीवाचून जीवशास्त्राला अर्थ नाही हे बजावणारा त्यांचा प्रसिद्ध लेख १९७३ साली अमेरिकेतल्या जीवशास्त्र शिक्षकांच्या मासिकात आला. हॉल्डेन नास्तिक. ते १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आस्तिक आणि नास्तिक एकाच आकडेमोडीवर एकत्र बसू शकले, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

मेंडेलवर खरी आपत्ती आली ती धर्माकडून नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवट आली आणि रशियातल्या लायसेंकोच्या मताप्रमाणे आनुवंशिकताशास्त्र हे खोटे ठरवण्यात आले. १९५० साली मठ बंद झाला आणि १९१० साली चौकात उभारलेला मेंडेलचा पुतळा तिथून हलवण्यात आला. १९६५ साली निबंधाची शताब्दी आली तेव्हा कुठे त्याला पुन्हा मान मिळाला. पोथी कोणाच्याही हाती असू शकते, एवढे यातून कळावे.

आपल्याकडे २०२३ साली राष्ट्रीय पातळीवरच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला आणि धड्याचे नाव नुसते आनुवंशिकता असे राहिले. ओझे कमी करणे हे त्याचे कारण सांगण्यात आले. सुमारे अठराशे शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. म्हणजे मेंडेल राहिला, डार्विन गेला. चौकट राहिली, ती कशासाठी ते गेले. अकरावीला जीवशास्त्र घेणाऱ्याला तो भाग पुढे भेटेल. कलेच्या आणि वाणिज्याच्या मुलांचे काय? आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता व उत्क्रांती हा धडा आहे याचे मला समाधान वाटते. पण माझ्या वर्गातही पुस्तकात धडा होताच. धडा असूनही तो शिकवला गेला नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे.

म्हणून मी मनाशी ठरवले आहे. उद्या मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला तर त्याला खाली बसवायचे नाही. त्याला ब्रूनच्या नापास मास्तराची गोष्ट सांगायची. वाटाण्याचे मूठभर दाणे त्याच्या हाती देऊन मोजावयास लावायचे. देव मानावा की मानू नये हे त्याने घरच्यांशी आणि स्वतःच्या मनाशी बोलून ठरवावे, तो माझा अधिकार नव्हे. परंतु दाणे मोजताना हिरव्याला हिरवा म्हणायचे, एवढे त्याला शिकवणे हे माझे काम आहे.